बाईच्या मानेला काय दाखवायचं?

(कळमनुरी तालुक्यातील बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

मघाशी मी विचारलं, मान कुणाकुणाची दुखते? जवळजवळ सगळे हात वर झाले. डॉक्टरला कुणी दाखवलं, म्हटल्यावर सगळे खाली. एक आजी म्हणाल्या, "बाईच्या मानेला काय दाखवायचं, माय?" आपण हसलो. पण मला त्यावरच बोलायचं आहे.

मानेत 7 मणके. नुसतं डोकंच 4-5 किलोचं. त्यावर 15 लिटरची घागर म्हणजे 15 किलो पाणी, भांड्याचं वजन वेगळं. कयाधू आटली, हातपंप कोरडे पडले की अशा किती खेपा होतात, तुम्हीच मोजा. शिवाय कापूस वेचताना, हळद काढताना दिवसभर मान खाली. स्नायू आखडतात, वय वाढलं की मणक्यांमधल्या गाद्या झिजतात. असं दुखणं बहुतेकदा शेक आणि आराम मिळाला की काही आठवड्यांत उतरतं. मान कडकन मोडून मात्र घेऊ नका. डॉक्टर सांगतात, ओझं उचलू नका. पाणी कोण आणणार, ते चिठ्ठीवर लिहीत नाहीत! तेव्हा हा सल्ला नवऱ्यासमोर द्यायला लावा. सायकलला कॅन अडकवून तोही पाणी आणू शकतो.

पण प्रत्येक दुखणं घागरीचं नसतं. हाताला मुंग्या येतात, भाकरी थापताना बोटांत जोर राहत नाही, चालताना पाय लटपटतात, लघवीवर ताबा राहत नाही, तर मणक्यातली मुख्य नस दबत असेल. थांबू नका. ताप, जोराची डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. मानेबरोबर छाती, जबडा किंवा हात दुखून घाम फुटला, तर ते हृदयाचं असू शकतं. 'वात आहे' म्हणून चोळत बसू नका. विहिरीवर घसरून पडलेल्या बाईची मान हलवू नका, 108 ला फोन करा. आणि रात्री झोपेतही ठणकतं, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतं? मणक्यालाही क्षय होतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आणखी एक कारण आहे, ते केसपेपरवर क्वचितच येतं. मारहाण. केस धरून ओढलं, गळा दाबला. बाहेर वळ नसला तरी आत सूज येऊ शकते. आवाज बसला, गिळताना दुखलं, श्वास अडला, भोवळ आली, तर रात्र असली तरी निघा. काही वाटत नसलं, तरी गळा दाबल्यावर एकदा तपासून घ्याच. तिथे "घागर उचलताना लचकली" म्हणू नका. खरं कारण सांगितलं तर उपचार नीट होतात आणि त्याची नोंद पुढे कामी येते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानुसार अशा बाईला दवाखान्याने उपचार द्यावेच लागतात. एकटीने जाऊ नका, आपल्यातली एक जण सोबत न्या.

बैठक उठल्यावर मी इथे ओट्यावरच थांबणार आहे. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल, तर तेव्हा या.