बेरजेपुरती माणसं

अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्यांना लॉगची टेबलं आठवत असतील. पातळ पुस्तिका, मुंगीएवढे आकडे आणि घाईत भलत्याच ओळीवर घसरलेलं बोट. ते आकडे मुळात काढले कुणी, हा प्रश्न आपल्याला तेव्हा पडला नाही. संगणकाची गोष्ट मात्र तिथूनच सुरू होते.

१७९०च्या दशकात, क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये, गास्पार द प्रोनी या इंजिनिअरवर लॉगची प्रचंड कोष्टकं करण्याचं काम आलं. एकपासून दोन लाखांपर्यंत प्रत्येक संख्येचा लॉग! इतके गणिती आणायचे कुठून? अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथच्या ग्रंथात त्यानं टाचणीच्या कारखान्याबद्दल वाचलं होतं. एकानं तार ओढायची, दुसऱ्यानं तोडायची, तिसऱ्यानं टोक काढायचं. द प्रोनीनं तशीच आकड्यांची वाटणी केली. मोजके मोठे गणिती सूत्रं ठरवणार, सात-आठजण तक्ते आखून देणार आणि बाकीची साठ-ऐंशी माणसं नुसती बेरीज-वजाबाकी करणार. त्यांत काही केशभूषाकार होते म्हणतात. सरदारांबरोबर त्यांचे उंच केशसंभारही गेले आणि हे कारागीर बेकार झाले.

पण नुसत्या बेरजेवर भागतं कसं? वर्गसंख्या घ्या: १, ४, ९, १६, २५. शेजारच्यांची वजाबाकी करा: ३, ५, ७, ९. पुन्हा करा: २, २, २. आता उलटे या. ९ आणि २, अकरा. २५ आणि ११, छत्तीस. गुणाकार न करता सहाचा वर्ग हाती आला. अशा ठरलेल्या पायऱ्यांच्या रीतीला आज अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मी या पंडिताच्या नावावरून आला. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, हे सांगणारं त्याचं पुस्तक लॅटिनमध्ये गेलं आणि नावाचं रूप पालटलं.

१८२१मध्ये लंडनला गणिती चार्ल्स बॅबेज एका मित्राबरोबर खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत होता. चुकांमागून चुका निघत होत्या. वैतागून तो म्हणाला, हे हिशेब वाफेवर व्हायला हवेत! द प्रोनीची पॅरिसमधली कोष्टकं त्याला ठाऊक होती. नुसत्या बेरजा करायच्या, तर माणूस कशाला? दातेरी चाकं पुरेत. त्यानं तसं यंत्र आखलं, सरकारी पैसा आला, पण १८३३मध्ये काम थांबलं. पुढचं यंत्र त्यानं छिद्रांच्या पत्त्यांवर चालणारं योजलं. ते पत्ते जाकार या फ्रेंच कारागिराच्या रेशीम विणण्याच्या मागावरचे. हे यंत्र तर बहुतांशी कागदावरच राहिलं. तरी १८४३मध्ये गणिताची अभ्यासक एडा लव्हलेस हिनं त्या यंत्रासाठी गणितातल्या बर्नुली संख्या काढण्याच्या पायऱ्या छापून टाकल्या.

अखेर १९९१मध्ये, बॅबेजच्या जन्माला दोनशे वर्षं होताना, लंडनच्या सायन्स म्युझियमनं त्याच्या आराखड्यांवरून बेरजेचं एक यंत्र उभारलं. मूठ फिरवली आणि ३१ अंकी उत्तरं बिनचूक आली.

बॅबेजनं पॅरिसच्या त्या माणसांबद्दल लिहून ठेवलंय: दहांतल्या नऊजणांना बेरीज-वजाबाकीपलीकडे काही येत नव्हतं, आणि त्यांचेच आकडे बहुधा जास्त बरोबर निघत.