घराचे रंग आणि घरातली बसायची जागा



नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्याने दक्षिणेला निघालात, की रेल्वेच्या रुळांपलीकडे मनीषनगर नावाची वस्ती लागते. इमारतीला लागून इमारत, जिन्याखाली सायकली, गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि उन्हाळ्यात खिडकीखिडकीला कूलर. अशा वस्त्यांतून राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचे एक पाऊल अजून गावातच असते. कुणाचे आईवडील यवतमाळकडे, कुणाची शेती वर्ध्याच्या बाजूला. तुमच्यापैकी अनेकांची मुले नोकरीनिमित्त अशाच एखाद्या फ्लॅटमध्ये राहत असतील. म्हणून आजच्या भाषणासाठी मी ही वस्ती डोळ्यांसमोर धरली आहे. मात्र जे सांगणार आहे, ते खेड्यातल्या घरालाही तितकेच लागू आहे.

गावातून फ्लॅटमध्ये येताना देव आले, भांडी आली, लोणच्याच्या बरण्या आल्या. रंग मात्र मागेच राहिले. गावाकडच्या घराला खाली गेरूचा पट्टा होता, वर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात होता, दाराला निळा रंग होता, उंबऱ्यावर रांगोळी होती. फ्लॅटच्या भिंती मात्र घर बांधणाऱ्याने ज्या फिकट बदामी रंगात दिल्या, त्याच रंगात राहिल्या. घरी आलेली आजी दोन दिवसांत म्हणते, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं गं." आजीचे हे बोलणे कुणी हसण्यावारी नेऊ नये. तिला जे खटकले ते खरेच आहे.

आता गावाकडचे ते रंग केवळ शोभेचे होते काय? नाही. गेरूचा पट्टा भिंतीच्या पायथ्याशीच का, तर पावळीचे पाणी जमिनीवर आपटून मातीचे शिंतोडे उडतात, ते त्या तांबूस पट्ट्यात लपून जातात. पट्टा खराब झाला तर तेवढाच पुन्हा काढायचा. सारी भिंत रंगवावी लागत नाही. वरचा चुना पांढरा का, तर तो ऊन परत फेकतो आणि आतल्या काळोखात उजेड आणतो. पूर्व विदर्भातल्या खेड्यांत चुन्यात नीळ घालून भिंती निळसर करतात, त्यालाही कारण आहे. नीळ चुन्यात टिकते, गेरूही टिकतो. भाजीपाल्याचे, फुलांचे रंग मात्र चुना खाऊन टाकतो. जे टिकले, तेच आपल्या आयाबायांनी ठेवले. चुन्याचा हात भिंतीवर वाळतो तेव्हा तो हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो, म्हणून चांगला दिलेला चुना हाताला लागत नाही. लागत असेल तर त्यात थोडे डिंकाचे पाणी घालावे. आणि कळीचा चुना विझवताना मुलांना दूर ठेवावे. तो उकळतो आणि डोळ्यांत उडाला तर फार मोठी इजा होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी रंगाने घर थंड होते काय? बाहेरच्या रंगाने होते. गच्चीवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर चुन्याचे दोन हात दिले, तर आतला ताप कमी होतो. पण आतल्या भिंतीला निळा रंग दिला म्हणून खोली थंड होत नाही. तेथे फक्त डोळ्यांना गारवा मिळतो. तोही काही थोडा नव्हे. ज्या खोलीत दुपारचे ऊन शिरते, तेथे फिकट निळा किंवा हिरवट रंग बरा. ज्या खोलीची खिडकी उत्तरेला किंवा शेजारच्या भिंतीकडे तोंड करून आहे, तेथे हळदीसारखा पिवळसर रंग द्यावा, म्हणजे ती उदास दिसत नाही. गडद रंग मोठ्या भिंतीवर लावू नयेत, असे माझे मत आहे. पांढरी भिंत अंगावर आलेला बहुतेक उजेड परत देते. गडद भिंत तो गिळून टाकते. मग दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि विजेचे बिल आपणच भरतो.

पण फ्लॅट भाड्याचा असला तर? मालक खिळा ठोकू देत नाही, रंग तर दूरच. अशा वेळी एक साधा मार्ग आहे. भिंत मालकाची असते, पण खुर्ची आपली असते. रंग सामानावर आणावा.

रंगविलेले सामान ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. आपल्या कोकणात सावंतवाडीला लाकडावर रंगकाम करणारे चितारी पिढ्यान्पिढ्या हे काम करीत आले आहेत. पाट, देव्हारे, चौरंग, पाळणे, पांगाऱ्याच्या लाकडाची खेळण्यातली फळे, हे सारे त्यांच्या हातून रंगून निघाले. गंजिफा नावाची गोल पत्ती तेथे रंगवीत. कापडाला चिंचोक्याची खळ देऊन ती बनवीत आणि विष्णूच्या दहा अवतारांवरून दशावतारी गंजिफा काढीत. विसाव्या शतकात ही कला मोडीत निघाली होती. तेव्हा तेथल्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच चिताऱ्यांना बसवून ती पुन्हा उभी केली. गंजिफेची ती चित्रे मग खुर्च्यांच्या पाठीवर आणि टेबलांवरही आली.

आणि कोकणापर्यंत तरी कशाला जायचे? आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा मुलांचा सण. लाकडी नंदीबैल चाकांवर उभा, शिंगे रंगविलेली, पाठीवर झूल, आणि दोरी धरून मुले दारोदार. नागपुरात काही घरांत असे बैल पिढ्यान्पिढ्या जपले जातात, आणि सण जवळ आला की त्यांच्यावर नवा रंग चढतो. म्हणजे जुन्या लाकडावर नवा रंग चढवून ती वस्तू पुढच्या पिढीच्या हाती देणे, ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट आहे. ती फक्त बैलापाशी थांबली. स्टुलापर्यंत आली नाही.

स्वीडन देशात कार्ल लार्सन नावाचे चित्रकार होऊन गेले. १८८८ साली त्यांची पत्नी कारिन हिच्या वडिलांनी या दोघांना सुंडबॉर्न गावी एक लहानसे लाकडी घर दिले. मुले पुष्कळ, सामान जुनेपुराणे. दोघांनी मिळून ते रंगविले. कारिनने पडदे नि बैठकीची कापडे स्वतः विणली. १८९९ साली लार्सन यांनी त्या घराच्या चित्रांचे पुस्तक काढले आणि आजही लोक ते घर पाहायला जातात. तेथला हिवाळा लांब आणि अंधारा, म्हणून त्यांनी लाल-हिरवे रंग भरले. आपल्याकडे ऊनच ऊन. त्यांचे रंग जसेच्या तसे आपण घेऊ नयेत. त्यांचा उत्साह तेवढा घ्यावा.

मग काय रंगवावे? बाभळीचे स्टूल, आंब्याच्या फळ्यांची मांडणी, प्लायवूडचे कपाट, लोखंडी खाट, जुनी पेटी, पाट. आणि काय रंगवू नये? सागवान. आपला मुलूख सागाचा. आजोबांचे सागवानी कपाट कळकट दिसते म्हणून त्यावर ऑइलपेंट फासणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका. ते कपाट स्वच्छ पुसून, तेलाचा हात देऊन ठेवा. त्याचा रंग त्याला निसर्गाने दिलेला आहे.

एका घरात दोन किंवा तीनच रंग निवडावेत आणि तेच सगळीकडे फिरवावेत. स्टूल निळे, तर मांडणीची कड निळी, आरशाची चौकट निळी. असे केले की वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या बाजारात घेतलेले सामान एका घरचे दिसू लागते.

आता बसायच्या जागेविषयी. गावच्या घरात अशी जागा न मागता मिळे. सपरीत खाट असे, भिंतीत कोनाडा असे, आढ्याला बंगई टांगलेली असे. वाती वळायला, निवडटिपण करायला, मुलांचे पाढे घ्यायला प्रत्येकाला आपला कोपरा होता. फ्लॅटमध्ये मोठी खोली आहे, पण साऱ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून मांडलेल्या. दोन माणसे समोरासमोर बसतील अशी जागाच नाही! माझी सूचना इतकीच, की सकाळचा उजेड येणाऱ्या खिडकीपाशी एक बसकी जागा करा. रंगविलेली जुनी पेटी, तिच्यावर गोधडीची घडी, हाताशी एक फळी. वाचता येईल असा दिवा, तोही डोक्यावर नको, बाजूला. म्हाताऱ्या माणसासाठी ही जागा फार बुटकी करू नये. गुडघे दुखतात, उठताना त्रास होतो. एवढे केलेत की घरातला एक माणूस तेथे जाऊन बसेल, आणि थोड्या वेळाने दुसरा त्याच्याजवळ येईल.

हे ऐकून कोणी उद्याच ब्रश हाती घेईल, म्हणून थोडे कामाचे बोलतो. हा भाग कृपा करून नीट ऐका. जुने रंगविलेले सामान, जुनी दारे, जुना पाळणा कोरडा खरवडू नका. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असे, विशेषतः पिवळ्या आणि तांबड्या रंगांत. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त असू नये, हा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही. खरवडताना उडालेली धूळ जमिनीवर बसते, रांगते मूल तेथे हात टेकते, तोच हात तोंडात घालते. शिसे मुलाच्या मेंदूला अपाय करते, आणि अमुक इतके शिसे निर्धोक असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा पृष्ठभाग ओला करून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासा, नाकातोंडाला चांगला मास्क लावा, काम अंगणात किंवा गच्चीवर करा. निघालेला गाळ फडक्याने टिपून कागदात गुंडाळून टाका. झाडूने उडवू नका. घरात गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल तर हे काम त्यांच्या आसपास होऊ देऊ नका. जुना रंग घट्ट असेल, पोपडे निघत नसतील, तर तो खरवडूच नका. ओल्या फडक्याने पुसून वर नवा हात द्या. नवा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय लिहिले आहे, ते वाचून घ्या.

पुढचे काम सोपे आहे. भेगांत लांबी भरावी, ती वाळली की घासावी, अस्तराचा एक हात द्यावा आणि मग रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि आतून तो ओलाच राहतो. पावसाळ्यात हे काम काढू नये. दसरा उलटला, हवा कोरडी झाली, की आठवड्यात सारे आटोपते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या भिंती आता नकाशांनी आणि पाढ्यांनी बोलक्या झाल्या आहेत. तशीच मुलांकडून एखादी वस्तूही रंगवून घ्या. नव्या, कोऱ्या लाकडाचे एक स्टूल चार मुलांना द्या. रंग त्यांनाच निवडू द्या. भांडतील, भांडू द्या. वारल्यांच्या घरात लग्नाचा चौक भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, तो सुवासिनींनी मिळून काढलेला असतो. जिव्या सोमा मशे यांनी तीच चित्रकला कागदावर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही माहिती मुलांना स्टूल रंगविता रंगविता सांगा.

काम झाल्यावर डब्यात थोडा रंग उरेल. झाकण घट्ट ठोकून डबा उलटा ठेवावा, म्हणजे साय धरली तरी ती तळाशी राहते. पुढच्या तान्ह्या पोळ्याला बैलाच्या शिंगांना तेवढा रंग पुरतो.