तालीम आधी, तारीख नंतर

संस्थेची ॲप्लिकेशन्स आणि डेटा क्लाउडवर नेण्याचे नियोजन म्हणजे तीन प्रश्नांची लेखी उत्तरे. काय न्यायचे, कोणत्या क्रमाने न्यायचे आणि मध्येच बिघडले तर मागे कसे यायचे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी या तिन्हींच्या आधी चौथ्याच प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे ‘कधी’. जुन्या डेटा सेंटरचा करार संपत असतो, नवे आर्थिक वर्ष तोंडावर असते किंवा वार्षिक सभेत अध्यक्षांनी शब्द दिलेला असतो. तारीख जाहीर होते आणि पुढचे सारे काम त्या तारखेपासून उलटे मोजत बसवले जाते. स्थलांतरे फसण्याचे मोठे कारण या उलट्या मोजणीत आहे. तारीख तालमीतून निघाली पाहिजे, हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

क्लाउड म्हणजे काय, हा भाग येथे सोडून दिला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेची सप्टेंबर २०११ मधील व्याख्या आणि सेवेचे तीन प्रकार या सभागृहातील श्रोत्यांना परिचित आहेत. मायक्रोसॉफ्टचे केंद्र पुण्यात २०१५ साली, ॲमेझॉनचे मुंबईत २०१६ साली आणि गुगलचे मुंबईत २०१७ साली सुरू झाले, त्यामुळे डेटा देशाबाहेर न पाठवता क्लाउड वापरता येतो, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे.

पहिले काम यादीचे. संस्थेकडे किती सर्व्हर आहेत हे लेखा विभागाच्या मालमत्ता नोंदवहीत सापडते. त्यांवर काय चालते आणि ते कोणाशी बोलते, हे तेथे सापडत नाही. रात्री अकराला एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाणारी फाइल, प्रोग्रॅममध्ये थेट लिहून ठेवलेला आयपी पत्ता, यूएसबीला डाँगल लावल्याशिवाय न उघडणारे सॉफ्टवेअर, वसुली विभागातल्या टेबलाखालच्या पीसीवरून सुटणारे एसएमएस, या गोष्टी कोणत्याच कागदावर नसतात. त्यासाठी नेटवर्कवरची ये-जा प्रत्यक्ष नोंदवावी लागते. ती नोंद आठवडाभराची असून भागत नाही, कारण काही कामे महिनाअखेरीलाच चालतात, काही तिमाहीला आणि काही फक्त ३१ मार्चच्या रात्री. प्रत्येक ॲप्लिकेशनपुढे एका माणसाचे नाव हवे. ज्याला धनी सापडत नाही, ते ॲप्लिकेशन पहिल्या तुकडीत कधीही घालू नये.

यादीनंतर वर्गवारी. गार्टनर या संस्थेने २०१० साली यासाठी पाच वाटा मांडल्या. पुढे ॲमेझॉनने त्या सहा आणि नंतर सात केल्या. आहे तसे उचलून नेणे, थोडे बदलून नेणे, नव्याने लिहिणे, त्याऐवजी तयार सेवा विकत घेणे, जागेवरच ठेवणे, बंद करणे असे त्यांचे स्वरूप. यांपैकी ‘बंद करणे’ या वाटेकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि खर्च तर तिथेच वाचतो. जे कोणी उघडत नाही, ते क्लाउडवर नेऊन त्याचे दरमहा भाडे भरणे हा शुद्ध अपव्यय आहे. ‘आहे तसे उचलून नेणे’ बदनाम झाले असले, तरी मुदत कमी आणि माणसे थोडी असतील तेव्हा ते योग्यच ठरते. मात्र त्याने बिल कमी होईल ही अपेक्षा ठेवू नये.

क्रम लावताना कमी जोखमीची आणि कमी नातेसंबंधांची ॲप्लिकेशन्स आधी जातात, एकमेकांशी सतत बोलणारी एकाच तुकडीत जातात. घाई न करता गेलेल्यांचे ठळक उदाहरण नेटफ्लिक्सचे आहे. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी क्लाउडचा रस्ता धरला आणि जानेवारी २०१६ मध्ये काम पूर्ण झाल्याचे सांगितले. बिलिंगसारखी नाजूक प्रणाली त्यांनी अगदी शेवटी हलवली.

डेटाच्या प्रवासाला लागणारा वेळ आधी कागदावर काढावा. १०० टेराबाइट डेटा १०० मेगाबिटच्या वाहिनीवरून पाठवायचा तर ती एक क्षणही रिकामी न राहता सुमारे ९३ दिवस लागतात. १ गिगाबिटची वाहिनी असेल तर सव्वानऊ दिवस. म्हणून मोठा साठा आधी पाठवून ठेवतात, नंतर रोजचे बदल मागोमाग पाठवत राहतात आणि अखेरच्या रात्री फक्त शेवटचा फरक उरेल अशी व्यवस्था करतात.

मात्र डेटा पोचला म्हणजे तो वाचता येतोच असे नाही. महाराष्ट्रातील पतसंस्था, सहकारी बँका, नगरपालिका आणि ग्रंथालये यांच्यापुढे या टप्प्यावर एक अडचण उभी राहते. इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत ती सापडत नाही, म्हणून तिला ठरल्यापेक्षा अधिक वेळ देणे भाग आहे. यांच्या जुन्या नोंदींतील मराठी मजकूर पुष्कळदा युनिकोडमध्ये नसतो. तो आठ बिटांच्या जुन्या फाँटमध्ये असतो. तेथे अक्षराची ओळख साठवलेली नसते, फक्त अक्षराच्या आकृतीचा क्रमांक साठवलेला असतो आणि तो क्रमांक फाँटागणिक बदलतो. फाँट काढून घेतला की खातेदाराचे नाव रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ होऊन समोर येते. या फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवली जाते, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. त्यामुळे रूपांतर म्हणजे केवळ क्रमांकाला क्रमांक लावणे नव्हे, अक्षरांचा क्रमही बदलावा लागतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ पासून होते, तरी छपाईच्या सोयीने आलेले फाँटच कार्यालयांत रुजले, आणि त्याची किंमत आज स्थलांतराच्या वेळी मोजावी लागते.

रूपांतर बिनचूक झाले तरी जागेचा प्रश्न राहतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ओरॅकलमध्ये वेगळी सूचना दिलेली नसेल तर रकान्याची रुंदी बाइटमध्येच मोजली जाते. जुन्या प्रणालीत नावासाठी ३० बाइटचा रकाना असेल, तर ‘ज्ञानेश्वर’ या नावाची दहा चिन्हे, म्हणजे बरोबर ३० बाइट, तो पूर्ण भरून टाकतात. ज्ञानेश्वरांना आडनाव लावायला जागाच उरत नाही. (हशा) ज्या खातेदाराचे आडनाव गळले, त्याचे नाव आधार आणि पॅनशी जुळत नाही. नाव न जुळल्याने त्याचे अनुदान अडू शकते, आणि तो माणूस तालुक्याच्या गावी चकरा मारत राहतो. दुसरे उदाहरण ‘कऱ्हाड’चे. यातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो, ‘ऱ’ला हलन्त जोडून किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेणाऱ्या संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. कऱ्हाडे आडनावाचे निम्मे खातेदार शोधात न सापडण्याचे कारण तेथे असते. असल्या चुका यंत्राच्या तपासणीत येत नाहीत, कारण दोन्हीकडे नोंदींची संख्या बरोबरच भरते. शाखेतल्या कारकुनाने आपल्या ओळखीची शंभर खाती उघडून पाहिली तर त्या तासाभरात समोर येतात. तालमीचा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण आहे.

घड्याळाचेही तसेच. क्लाउडमधील सर्व्हर सहसा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले मिळतात आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. ॲप्लिकेशनमध्ये दुरुस्ती केली नाही, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या व्यवहारांवर आदल्या दिवसाची तारीख पडते. एरवी हे कोणाच्या लक्षात येत नाही. १ एप्रिलला मात्र व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात.

लिपीच्या विषयात वेळ अधिक गेल्यामुळे कायदा आणि खर्च हे दोन भाग येथे आटोपते घेतले आहेत. पेमेंट व्यवहारांचा डेटा फक्त भारतात साठवावा, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश एप्रिल २०१८ चा आहे. माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचे तिचे निर्देश एप्रिल २०२३ मध्ये आले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाले. सेवा सोडून बाहेर पडण्याची योजना आधीच तयार असावी, अशी अट त्यांत आहे. सायबर घटनेची खबर सहा तासांत देणे आणि लॉग १८० दिवस जपणे हे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी बंधनकारक केले. खर्चाबाबत एकच हिशेब पुरेसा बोलका आहे. चाचणीचे सर्व्हर आठवड्याचे १६८ तास चालू ठेवण्याऐवजी सहा दिवस रोज दहा तास चालवले तर ६० तासांचेच भाडे लागते. हे बंद-चालू करणे कोणाचे काम, ते योजनेत नावानिशी लिहावे.

आता तालमीचा मुख्य मुद्दा. ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे प्रकरण या विषयातल्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. ते सार्वजनिक क्लाउडचे प्रकरण नव्हते, पण एका प्रणालीतून दुसरीत जाण्याचे सारे धडे त्यात आहेत. स्पेनच्या सबादेल बँकेने २०१५ साली टीएसबी विकत घेतली, तेव्हा तिचे संगणकीय काम लॉइड्स बँकेच्या प्रणालीवर चालत होते. ते सबादेलच्या नव्या प्रणालीवर नेण्यासाठी आधी नोव्हेंबर २०१७ ठरला होता. तो हुकला आणि २०१८ ची पहिली तिमाही जाहीर झाली. अखेर २० ते २२ एप्रिल २०१८ या शनिवार-रविवारला धरून ५२ लाख ग्राहकांचे काम जवळजवळ एका झटक्यात हलवले गेले. डेटा नीट पोचला. पण नवी प्रणाली लोकांचा भार पेलू शकली नाही. सुमारे १९ लाख ग्राहकांना ऑनलाइन खाती उघडता येईनात, शाखा अडल्या, आणि कारभार पूर्णपणे सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. मुख्याधिकाऱ्यांनी सप्टेंबरमध्ये पद सोडले. बँकेने ग्राहकांना ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

स्लॉटर अँड मे या विधी संस्थेचा स्वतंत्र चौकशी अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. प्रणाली दोन डेटा सेंटरांवर एकाच वेळी चालणार होती, पण भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली होती, हे त्यातून पुढे आले. नवी तारीख आधी धरून काम तिच्यात बसवले गेल्याबद्दलही त्यात टीका आहे. तारखेच्या ओझ्याखाली चाचणी आखडली, हा त्या साऱ्याचा अर्थ. ज्यांचे पगार अडले, ज्यांना घराचे व्यवहार पुढे ढकलावे लागले, त्या माणसांचा यात काहीही दोष नव्हता.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. मोठ्या बँकांना तालमी परवडतात, दहा शाखांच्या पतसंस्थेने पैसा आणि माणसे कोठून आणावीत? आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर क्लाउडमध्येच आहे. पूर्वी तालमीसाठी दुसरा सर्व्हर विकत घ्यावा लागे. आता तो दोन दिवसांपुरता भाड्याने मिळतो. गावोगावच्या हौशी नाटकमंडळींनाही रंगीत तालीम चुकत नाही, प्रयोगाचे कपडे, प्रकाश, संगीत सारे लावूनच ती होते. स्थलांतराची तालीमही अशीच पूर्ण असावी. खरा पूर्ण डेटा, प्रत्यक्ष काम करणारे कर्मचारी, खरी छपाई, दिवसअखेरचे आणि महिनाअखेरचे काम, आणि हातात घड्याळ. डेटा खरा असल्याने तालमीच्या सर्व्हरलाही पक्के कुलूप हवे आणि काम झाल्यावर तो पुसलेला हवा. प्रत्येक पायरीला किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. शुक्रवारी रात्री नऊपासून सोमवारी सकाळी सातपर्यंत ५८ तास मिळतात. तालमीत ५० तास लागले तर बिघाड निस्तरायला आठच तास उरतात, म्हणजे आणखी तालीम हवी. लागोपाठ दोन तालमी ठरल्या वेळेत आणि चुकांविना पार पडल्या की मगच तारीख जाहीर करावी. जुन्या डेटा सेंटरचा करार त्याआधी संपत असेल तर तो वाढवून घ्यावा. त्या भाड्याची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असावी.

मागे फिरण्याचा क्षणही तालमीतूनच ठरतो. जुन्या प्रणालीवर परत यायला दहा तास लागत असतील, तर रविवारी रात्री नऊनंतर मागे फिरता येणार नाही. त्या वेळी पुढे जायचे की परतायचे, हा निर्णय एकाच व्यक्तीकडे असावा आणि त्याचे निकष आधी लिहिलेले असावेत. थकलेल्या माणसांनी पहाटे तीनला निकष ठरवू नयेत.

बॅकअपची तालीम वेगळी करावी. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले, आणि ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांतील काहींचा डेटा कायमचा गेला. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या पेन्शन निधीचे गुगलवरील खासगी क्लाउडच पुसले गेले. उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता. सहा लाखांहून अधिक सभासदांचा हा निधी पुन्हा उभा राहिला, त्यात दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा हात होता. म्हणून एक प्रत दुसऱ्या शहरात, एक दुसऱ्या कंपनीकडे, आणि दर तिमाहीला त्यातून प्रणाली खरोखर उभी करून पाहणे, एवढे योजनेत हवेच.

कटओव्हर, म्हणजे नव्या प्रणालीवर प्रत्यक्ष जाणे, झाल्यावरही जुने सर्व्हर लगेच मोडीत काढू नयेत. एक महिनाअखेर, एक तिमाहीअखेर आणि शक्य असेल तेथे एक ३१ मार्च नव्या प्रणालीवर पार पडेपर्यंत ते केवळ वाचण्यापुरते चालू ठेवावेत. त्यानंतर दोन्हीकडील शिल्लक जुळल्याचे पत्र लेखापरीक्षकांकडून घ्यावे, डिस्क पुसून त्याचा दाखला दप्तरी ठेवावा, आणि मालमत्ता नोंदवहीतून ते सर्व्हर कमी करावेत.