नाकातला वाकडा पडदा



सायनसचा सीटी स्कॅन काढून आलेल्या माणसाच्या हातातल्या अहवालात पुष्कळदा तीन अक्षरं असतात: डीएनएस. नाकाचा मधला पडदा एका बाजूला झुकला आहे, एवढाच त्यांचा अर्थ. पण घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘नाकाचं हाड वाढलंय’ झालेलं असतं आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ऑपरेशन करावं की करू नये यावर घरात दोन तट पडलेले असतात. कुणी सांगतं, आमच्या काकांनी करून घेतलं आणि सहा महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुसरं कुणी सांगतं, शेजारच्या ताईंना त्यानंतरच कितीतरी वर्षांनी धड झोप लागली. दोन्ही अनुभव खरे असू शकतात. ते एकाच वेळी खरे कसे असतात, हे समजून घेतलं तर निर्णय पुष्कळ सोपा होतो.

हाड वाढलेलं नसतं, हे आधी सांगायला हवं. दोन नाकपुड्यांच्या मधली ही भिंत पुढच्या भागात लवचीक कूर्चेची आणि मागे पातळ हाडांची बनलेली असते. तिच्या दोन्ही अंगांना ओलसर अस्तर असतं. जन्माच्या वेळी नाकावर पडलेला दाब, वाढत्या वयात हाड आणि कूर्चा यांची कमीजास्त वाढ, लहानपणी पायरीवरून तोंडावर पडणं, क्रिकेटचा चेंडू, कबड्डीत लागलेलं कोपर, मोटरसायकलचा अपघात, अशा कितीतरी कारणांनी ती वाकते. खरं तर अगदी ओळंब्यात असलेला पडदा क्वचितच सापडतो. बहुसंख्य माणसं थोडाफार वाकडा पडदा घेऊनच आयुष्य काढतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून अहवालातली ती तीन अक्षरं म्हणजे आजाराचं निदान नव्हे. खरा प्रश्न त्या माणसाला त्रास काय होतो आणि तो कशामुळे होतो, हा आहे.

पडदा किती वाकडा आहे यापेक्षा तो कुठे वाकडा आहे याला जास्त महत्त्व असतं. नाकपुडीतून साधारण सव्वा ते दीड सेंटिमीटर आत श्वासाची वाट सर्वांत अरुंद होते. श्वास आत घेताना हवेला जेवढा विरोध होतो, त्यातला निम्म्याहून अधिक नाकातच होतो आणि त्यातही मोठा वाटा या चिंचोळ्या जागेचा. सरळ नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाचं गणित असं सांगतं, की नळीची त्रिज्या निम्मी झाली तर विरोध सोळा पट होतो. नाक म्हणजे सरळ नळी नव्हे, पण दिशा हीच. पुढच्या भागातला थोडासा बाक माणसाला हैराण करू शकतो आणि मागचा मोठा बाक काहीही त्रास देत नाही.

याहून चकवणारी गोष्ट वेगळी आहे. पडदा डावीकडे झुकलेला असतो आणि माणूस तक्रार करतो उजव्या नाकपुडीची. नाकाच्या बाहेरच्या भिंतींवर टर्बिनेट नावाचे मांसल उंचवटे असतात. त्यांच्यात रक्त भरलं की ते फुगतात, ओसरलं की आक्रसतात. ज्या बाजूला जागा जास्त मिळते, त्या बाजूचा टर्बिनेट वर्षानुवर्षं वाढत जाऊन ती मोकळी जागा व्यापून टाकतो. शिवाय निरोगी नाकातही दोन्ही बाजू सारख्या वाहत नाहीत. काही तास एक बाजू मोकळी आणि दुसरी जरा बंद, मग त्यांची अदलाबदल होते. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये या चक्राचं वर्णन केलं. आपल्याकडे स्वरोदयशास्त्र चंद्रस्वर आणि सूर्यस्वर या नावांनी हा पालट त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतं. पडदा सरळ असेल तर हे चक्र जाणवत नाही. वाकडा असेल आणि रुंद बाजूची बंद होण्याची पाळी आली, की दोन्हीकडून श्वास अडतो, तोही बहुधा मध्यरात्री, कारण आडवं झाल्यावर नाकातली सूज आणखी वाढते.

मग तोंड उघडं पडतं. सकाळी घसा कोरडा, जीभ टाळ्याला चिकटलेली, रात्रभर घोरल्याची घरच्यांची तक्रार. रात्रभर झोपूनही अंगातला थकवा जात नाही. दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा गाळून, ओलावून, कोमट करून फुप्फुसाकडे पाठवण्याचं नाकाचं काम तोंडाला नीट जमत नाही. पडद्याच्या बाहेर आलेल्या कडेवर हवेचा झोत सतत आपटून तिथलं अस्तर सुकतं, खपली धरते आणि उन्हाळ्यात घोळणा फुटतो. काहींची वासाची जाणीव मंदावते आणि त्यासोबत जेवणाची चवही. कचेरीत मात्र हा माणूस धडधाकट दिसतो. ताप नाही, पट्टी नाही, रजेच्या अर्जावर लिहावं असं काही नाही.

नाकाच्या बाहेरच्या व्यंगाकडे समाजाचं लक्ष नेहमीच गेलं. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. त्याची हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली आणि पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तीच पद्धत वापरून लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. कापलेलं नाक चारचौघांत दिसत होतं, म्हणून त्यासाठी एवढे हात पुढे आले. आतून अडलेलं नाक कुणाला दिसत नाही. तो त्रास ज्याचा त्यालाच ठाऊक, आणि म्हणून डॉक्टरांनी तो नीट विचारून घेणं फार गरजेचं आहे.

चांगला कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी विचारतो: नाक एकाच बाजूला बंद असतं की बाजू बदलते? बारा महिने की पावसाळ्यात? शिंका येतात का, डोळे खाजतात का? बाजू बदलत असेल, शिंकांची सर येत असेल, तर दोष बहुधा ॲलर्जीचा, आणि पडदा कितीही सरळ केला तरी ॲलर्जी जात नाही. गाद्या-उशांमधल्या धुळीतले सूक्ष्म कीटक, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी, गाजरगवताचे परागकण ही महाराष्ट्रातली नेहमीची कारणं. मग डॉक्टर दुर्बिणीने नाक आतून पाहतात. गाल हलकेच बाहेर ओढून श्वास घ्यायला लावतात. तसं करताच श्वास एकदम मोकळा झाला, तर अडचण पडद्याइतकीच नाकाच्या बाजूच्या भिंतीतही असू शकते. पडदा वाकडा आहे एवढंच पाहायला सीटी स्कॅनची सहसा गरज नसते. काकांचं ऑपरेशन का फसलं, याचं उत्तर पुष्कळदा याच टप्प्यावर सापडतं. पडदा सरळ झाला, ॲलर्जी तशीच राहिली.

औषधांनी पडद्याचा बाक जात नाही, पण त्याभोवतीची सूज उतरते आणि अनेकांचं तेवढ्यावर भागतं. स्टेरॉइडचा फवारा हा त्यातला मुख्य उपाय. स्टेरॉइड म्हटल्यावर लोक दचकतात. फवाऱ्यातली मात्रा अगदी थोडी असते आणि तिचं काम मुख्यतः नाकातच होतं. मात्र तो दोन दिवस मारून ‘गुण नाही’ म्हणत कपाटात ठेवायचा नसतो. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. मारण्याची पद्धतही महत्त्वाची. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारला की धार बाहेरच्या भिंतीकडे जाते. धार पडद्यावर बसत राहिली तर तिथून रक्त येतं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा दुसरा उपाय. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामसारख्या संस्थांमुळे जलनेती महाराष्ट्रात अनोळखी नाही. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाचं पाणी थेट वापरून नेती केलेल्या दोघांचा मेंदूत अमिबा शिरून मृत्यू झाला.

औषधाच्या दुकानात सहज मिळणारे, नाक पाच मिनिटांत मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मात्र जपून वापरावेत. ते आठवड्याहून अधिक दिवस घेतले की अंमल उतरताच नाक पहिल्यापेक्षा घट्ट बंद होतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा बंद. उशाशी बाटली ठेवल्याशिवाय झोप न येणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. मेन्थॉलच्या बामाची गोष्ट निराळी. हवा वाहते आहे ही जाणीव नाकाला अस्तराला लागणाऱ्या गारव्यातून होते. मेन्थॉल तो गारवा टिपणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं. वाट एका केसानेही रुंद होत नाही, तरी माणसाला मोकळं वाटतं.

हे सगळं नेटाने करूनही नाक बंदच राहिलं तर? इथं गेल्या काही वर्षांत भक्कम उत्तर मिळालं आहे. नेदरलँड्समधल्या २०३ प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. काहींवर शस्त्रक्रिया, काहींवर बाकीचे उपचार, अशी चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी करून त्यांना दोन वर्षं तपासत राहिले. शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रिटनच्या १७ रुग्णालयांतल्या ३७८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नाकाच्या तक्रारींना ११० पैकी गुण दिले होते. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. सहा महिन्यांनी फवारे वापरणाऱ्यांचे सरासरी गुण ३९.५ होते, तर शस्त्रक्रिया झालेल्यांचे १९.९. फरक जवळजवळ निम्म्याचा आहे. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या १७४ जणांपैकी सात जणांना रक्तस्रावामुळे पुन्हा दाखल व्हावं लागलं, हेही रुग्णाला सांगितलं पाहिजे. या अभ्यासात आलेले लोक अहवालात डीएनएस दिसला म्हणून आलेले नव्हते. त्यांचा श्वास खरोखर अडत होता. गुण आला तो अशांना.

शस्त्रक्रियेबद्दलची जुनी भीती जुन्या पद्धतीतून आली आहे. अमेरिकेत फ्रीअर यांनी १९०२ मध्ये आणि जर्मनीत किलियान यांनी १९०४ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात वाकडी कूर्चा आणि हाड यांचा मोठा भाग काढूनच टाकत. श्वास मोकळा होई, पण आधार गेल्यामुळे काहींचं नाक पुढे खचत असे, काहींच्या पडद्याला भोक पडे. १९४०च्या दशकात मॉरिस कॉटल यांनी काढण्यापेक्षा सरळ करून जागेवर बसवण्यावर भर दिला. आजची सेप्टोप्लास्टी या विचारातून आली. नाकपुडीच्या आतूनच छेद घेतात, अस्तर दोन्हीकडून अलगद उचलतात, वाकडा भाग छाटतात किंवा सरळ करतात आणि नाकाला पेलून धरणारी पुढची व वरची कूर्चेची पट्टी शाबूत ठेवतात. बाहेर व्रण नाही, नाकाचा आकार सहसा बदलत नाही. मुंबईत केईएम, नायर, शीव, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल अशा सार्वजनिक रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते.

तिच्याकडून काय मागू नये, हेही ठाऊक हवं. झोपेत श्वास थांबण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, केवळ पडदा सरळ करून सहसा बरा होत नाही. झोपेत लावायचं हवेच्या दाबाचं यंत्र मात्र त्यानंतर सोसतं. डोकेदुखी जाईल असं वचन कुणी देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. कूर्चेला जुन्या बाकाकडे परतण्याची खोड असते, त्यामुळे थोड्यांच्या बाबतीत पडदा पुन्हा वळतो. वरचे पुढचे दात काही आठवडे बधिर राहू शकतात. वाढत्या वयातल्या मुलांची ही शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलतात, कारण नाकाच्या वाढीचं केंद्र याच पडद्यात असतं.

शस्त्रक्रियेनंतर नाकात भरलेला बोळा काढताना होणाऱ्या वेदनांच्या कहाण्या अनेकांनी ऐकलेल्या असतात. आता बरेच सर्जन अस्तर टाक्यांनीच बसवून बोळा टाळतात, किंवा सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या आठवडाभर ठेवतात. हा आठवडा त्रासाचा असतो: नाक बंद, डोकं जड, तोंडाने श्वास. डोकं उंच ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, जड वजन उचलायचं नाही. पट्ट्या निघाल्यावर पहिला मोकळा श्वास घेताना काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, पण त्यानंतर खपल्या आणि सुजेने नाक पुन्हा काही दिवस बंद होतं आणि माणूस निराश होतो. तो काळ निघून जातो. खरा अंदाज तीन महिन्यांनी घ्यावा.

इथपर्यंतचा कुठलाही निर्णय घाईने घ्यायचा नाही. एकाच प्रसंगी मात्र थांबू नये. मूल नाकावर पडलं किंवा चेंडू लागला आणि त्यानंतर दोन्ही नाकपुड्या बंद झाल्या, नाक ठणकू लागलं, आत मऊ लालसर फुगवटा दिसला, तर पडद्याच्या अस्तराखाली रक्त साचलेलं असू शकतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण अस्तरातूनच होतं. मध्ये रक्त साचलं की हे पोषण तुटतं आणि दोन-तीन दिवसांत कूर्चा मरू लागते. पुढे नाक मधोमध खचतं. ‘सूज उतरू दे, मग दाखवू’ असं न म्हणता त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग असलेलं रुग्णालय गाठावं. छोटा छेद घेऊन रक्त काढून टाकलं, की बहुतेक वेळा कूर्चा वाचते.