पावती आपली, कुलूप कंपनीचे



साहित्य मंडळात सॉफ्टवेअरचा विषय कशाला, असे काहींना वाटले असेल. पण या व्याख्यानमालेच्या जुन्या पुस्तिका पुन्हा छापायचे ठरले, तेव्हा आपण अडलो ते तिथेच.

ज्या मराठी सॉफ्टवेअरवर मी त्या पुस्तिका जुळवल्या, ते मंडळाने रीतसर पैसे मोजून घेतले होते. त्याबरोबर बोटभर लांबीचे एक कुलूप आले, डाँगल. प्रिंटरच्या खोबणीत ते खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नसे. पुढे तो संगणक गेला, नव्याला ती खोबणच नाही. कंपनीचे उत्तर एकच : नवी आवृत्ती घ्या. मजकूर डिस्कवर शाबूत आहे, पण युनिकोडच्या आधीचा. त्या काळच्या फॉन्टात मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट नसेल तर बुऱ्हाणपुरात मराठीतून झालेले व्याख्यान पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन बसते.

कंपन्यांची बाजूही आहे. मराठी फॉन्ट करणारे मूठभर, आणि नकला गल्लोगल्ली. आपल्यापैकी किती जणांनी फॉन्ट विकत घेतला, हे मी इथे विचारत नाही! पण ज्याने पैसे मोजले, त्याचे काय?

कंपनी म्हणते, आम्ही विकले नाही, वापराचा परवाना दिला. २००९ साली अमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ची एक आवृत्ती ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. पैसे परत दिले, पुस्तक गेले. छापील प्रत न्यायला कोणी आपल्या घरात शिरले असते का?

आपल्याकडे कराच्या वादांत मात्र हीच गोष्ट विक्री ठरली आहे. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअरला ‘माल’ म्हटले, म्हणून त्यावर विक्रीकर लागला. २०२१ मध्ये ‘इंजिनिअरिंग ॲनालिसिस’ खटल्यात आयकर खात्याचा रॉयल्टीचा दावा फेटाळताना, करारात परवाना लिहिलेला असूनही, त्याच न्यायालयाने तो प्रतीच्या विक्रीचा व्यवहार मानला. कॉपीराइट कंपनीकडे राहतो, प्रत घेणाऱ्याची होते. सरकारला कर हवा तेव्हा तो माल, आणि आपण हक्क मागायला गेलो की परवाना, हे मला पटत नाही.

कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ फारसे कोणी वाचत नाही. प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तो हरवू वा बिघडू नये म्हणून राखीव प्रत करता येते. दुसरा, स्वतंत्रपणे केलेला प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर तीही शोधून काढता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्यायकारक कराराविरुद्ध तक्रारीची सोय आहे. पण ती जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात न्यावी लागते. म्हणजे एका डाँगलसाठी भोपाळ!

तूर्त इतके करू. यापुढे मंडळाचा प्रत्येक मजकूर युनिकोडमध्ये, साध्या फाइलमध्येही ठेवायचा. आणि जुन्या पुस्तिका पाहून पुन्हा टंकायला मला चार जण हवे आहेत. चहाच्या वेळी नावे द्यावीत.