हौसेची चित्रे
(आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पाचोरा येथे केलेले भाषण)



चित्रकलेवर बोलण्यासाठी आम्हांस उभे करण्यात कार्यकारी मंडळाने थोडे धाडसच केले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला, एवढेच आमचे भांडवल. फळ्यावर आम्ही आंबा काढावा, मुलांनी त्यास वांगे म्हणावे, आणि मग आम्ही निमूटपणे वांग्याचाच पाठ घ्यावा, असे प्रसंग आमच्या कारकिर्दीत थोडे नाहीत. तरीही सभागृहाच्या उत्तरेकडील भिंतीशी सुतळी बांधून तीवर कपड्यांच्या चिमट्यांनी जी चाळीसेक चित्रे आज सकाळपासून टांगली आहेत, त्यांची खटपट आमच्याकडे सोपविलेली होती. त्यामुळे त्यांविषयी चार शब्द बोलणे आम्हांस प्राप्त आहे.

आम्ही घरोघर पाठविलेल्या पत्रकात एवढेच लिहिले होते की, माणूस, जनावर, वस्तू किंवा जागा, आपणांस जे मनापासून प्रिय असेल ते आपल्या हाताने कागदावर काढून आणावे. वयाची अट नाही, प्रवेशमूल्य नाही, पारितोषिकही नाही. कॅलेंडरावरून अथवा मोबाईलवरून उतरवून काढू नये. यांपैकी पारितोषिकाच्या बाबतीत बैठकीत बराच खल झाला. बक्षीस नसेल तर कोण कशाला येईल, असा प्रश्न एका सन्माननीय सभासदांनी विचारला, आणि तो अगदीच चुकीचा होता असे नाही. परंतु परीक्षक म्हणून आम्ही अनेक शाळांतून बसलो आहोत. बक्षीस ठेवले की मूल बैलाकडे पाहत नाही, परीक्षकाच्या तोंडाकडे पाहते. त्यास वाटते, मागच्या वर्षी डोंगर, सूर्य व झोपडी यांस पहिला क्रमांक मिळाला, तेव्हा आपणही डोंगर, सूर्य व झोपडीच काढावी. आपल्या पाचोऱ्याच्या हिवरा नदीकाठी राहणारी मुलेसुद्धा दोन त्रिकोणी डोंगरांमधून नदी काढतात, हे आम्ही स्वतः पाहिले आहे!

आमच्या लहानपणी चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन परीक्षांस मोठा मान होता, आणि तो आजही आहे. त्यांतील स्मरणचित्र हा विषय आम्हांस फार आवडे. समोर काही नाही, डोळे मिटावेत आणि बाजार किंवा विहीर आठवून काढावी. अलीकडे या परीक्षांतील श्रेणीबद्दल दहावीस वाढीव गुण मिळतात, म्हणून पालक मुलांस मोठ्या उत्साहाने वर्गास घालतात. गुण मिळावेत, आमची हरकत नाही. परंतु दहावीचा निकाल लागला की रंगांची पेटी माळ्यावर जाते ती कायमची, असे किती घरांत झाले आहे याचा प्रत्येकाने आपल्याशीच विचार करावा. हात उत्तम तयार झालेला असतो, आणि नेमका त्याच वेळी तो थांबतो.

आता थोडे घरचे सांगतो. आमच्या मातोश्रींस अक्षरओळख नव्हती. नागपंचमीस भिंतीवर नाग, पोळ्यास बैलजोडी, आणि धान्याच्या मातीच्या कोठीवर मोर, एवढे त्या काढीत. गेरू, चुना, हळद आणि निळीचा एखादा खडा, हे त्यांचे रंग. बाभळीच्या काडीचे टोक चावून केलेला कुंचला. गल्लीतील बाया येऊन पाहत, नागाचा फणा असा का, तसा का, म्हणून बोलत. दिवाळीपूर्वी मातोश्री स्वतःच्याच हाताने त्या भिंतीस चुना लावीत आणि सर्व पुसून टाकीत. आम्हांस नोकरी लागल्यावर पहिल्या साठवणीच्या पैशांतून आम्ही मोठ्या अभिमानाने घरास सिमेंटचा गिलावा केला. पुढल्या नागपंचमीस त्या काडी घेऊन भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भिंत गुळगुळीत झाली रे बाबा, हात घसरतो." त्यानंतर त्यांनी नाग पाटावर गंधाने काढला. भिंतीवर पुन्हा काही काढले नाही, आणि आम्हीही 'काढ' असे म्हटले नाही. त्यांच्या हातचे एकही चित्र आज आमच्यापाशी नाही.

अजिंठ्याची लेणी आपल्यापासून फार दूर नाहीत. तेथील भिंतींवरील चित्रे उतरवून घेण्यासाठी मद्रास लष्करातील कॅप्टन रॉबर्ट गिल यांची सन १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्या मनुष्याने आयुष्याची कित्येक वर्षे त्या अंधाऱ्या लेण्यांत घालविली. त्याने केलेल्या मोठमोठ्या प्रतिकृती लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ साली तेथे आग लागली आणि त्या बहुतेक सर्व जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतील पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. गिलसाहेब १८७९ साली वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळास आहे. असो, थोडे विषयांतर झाले. परंतु अजिंठ्याच्या नकला जळाल्या तरी मूळ भिंत जागच्या जागी राहिली. आमच्या मातोश्रींच्या चित्रांची नक्कल कोणी केली नाही, आणि मूळ भिंत आम्हीच झाकली.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. असोदे हे ज्यांचे माहेर, त्या बहिणाबाई चौधरी यांस लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर व शेतात त्या जी गाणी म्हणत, ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी कागदावर टिपून ठेवली. १९५१ साली त्या निवर्तल्या, १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने ती गाणी पुस्तकरूपाने निघाली, आणि महाराष्ट्र थक्क झाला. आमच्या मनात नेहमी येते की, गाणे निदान दुसऱ्यास ऐकून टिपून घेता येते, चित्राचे तसे नाही. आजीच्या मनातील गाय नातवास टिपता येत नाही. ती आजीनेच काढावयास हवी. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन आम्ही वृद्ध मंडळींच्या दारोदार गेलो. "आता या वयात रेघोट्या ओढू काय?" असे बहुतेकांनी ऐकविले. काहींनी मागाहून, सून-नातवंडे घरात नाहीत असे पाहून, दार लावून चित्रे काढली आणि घडी घालून गुपचूप आमच्या पिशवीत टाकली.

त्यांतील एक चित्र सुतळीवर तिसरे आहे. एका शहात्तर वर्षांच्या मातेने गाय काढली आहे. गायीचे डोके धडाएवढे मोठे, चारही पाय एका रांगेत, आणि मागे पाचवा पाय. सकाळी काही मुले त्यास हसली. त्या आजी तेथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हाई तं मन्ही ढवळी शे. पाय नाही तो, शेपूट शे. ती शेपूट मारे तेव्हा पायासारखीच लागे!" आणि डोके एवढे मोठे का, असे आम्ही विचारले, तेव्हा कळले की ढवळीच्या अखेरच्या दुखण्यात त्या तीन रात्री तिच्या तोंडाशी बसून होत्या. शिकलेल्या चित्रकाराने गाय प्रमाणात काढली असती, यात शंका नाही. परंतु त्या तीन रात्री त्याच्या चित्रात आल्या नसत्या.

एस. टी. तील एका निवृत्त चालकबंधूंनी चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट काढला आहे. त्यात झाडे, दऱ्या काही नाहीत, केवळ वळणे आहेत, आणि एका वळणावर फुली. फुलीचे कारण त्यांनी आम्हांस सांगितले नाही, आणि आम्हीही पुन्हा विचारले नाही. एका भगिनींनी आपले शिवणयंत्र काढले आहे. त्यात धाग्याचा मार्ग इतका बिनचूक आहे की, नवशिक्या मुलीने तो पाहून यंत्र ओवावे.

एका चित्राने मात्र आमचीच पंचाईत केली. इयत्ता आठवीतील एका मुलीने जपानी चित्रकथेतील एक वीर आणला, टोकदार केसांचा व विशाल डोळ्यांचा. काही ज्येष्ठांनी नापसंती दर्शविली, आणि खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हीही त्यांतलेच होतो. पत्रकातील अट दाखवून ते चित्र परत करावे असे आमच्या मनात होते. परंतु नीट पाहता तो वीर खांदेशी अंगणात पाटावर बसून कळण्याची भाकरी व मिरचीचा ठेचा खात होता. हे कोठून उतरविले, असे विचारता ती म्हणाली, "गुरुजी, तो एवढा लांबून आला, तर आजी त्याला उपाशी ठेवील का?" आम्ही निरुत्तर झालो. आमच्या पिढीने तरी काय केले होते? दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांवरील चित्रे पाहून आम्ही वह्यांची मुखपृष्ठे रंगविलीच की. त्या मुलीने तर आपल्या आवडत्या पाहुण्यास आपल्या घरी जेवू घातले. नंतर तिच्याकडूनच समजले की, जपानात टोकियो येथे १९७५ सालापासून हौशी लोकांचा एक मोठा बाजार भरतो. तेथे सामान्य लोक आपल्या लाडक्या पात्रांची स्वतः काढलेली चित्रे व चोपड्या मांडून बसतात, परस्परांची पाहतात, विकत घेतात. आरंभी काही शेकडा माणसे येत. पुढे ती संख्या लाखांवर गेली. आमचे चाळीस कागद त्यापुढे काहीच नव्हेत, परंतु जात एकच, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. येथे 'जात' हा शब्द ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून जरा निराळ्या अर्थाने वापरला, त्याबद्दल क्षमा असावी.

कार्यकारी मंडळास आमची एक विनंती आहे. आपल्या स्मरणिकेत वधूवर परिचय असतो, गुणवंतांची छायाचित्रे असतात, आणि जाहिरातींची पाने असतात, ज्यांवाचून स्मरणिका निघणार नाही हे आम्ही जाणतो. त्यांतून चार पाने या चित्रांसाठी द्यावीत. प्रत्येक चित्राखाली काढणाराचे नाव नको असेल तर नको, परंतु हे काय आहे व का काढले, एवढी एक ओळ त्याच्याच शब्दांत छापावी. मूळ कागद ज्याचे त्यास परत जावेत. कपाटात कोंडून ठेवू नयेत.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची आहे, जी सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. आपली पाचोरा-जामनेर गाडी, आपली पीजे, आपण सर्व जाणता. रूळांची रुंदी अवघी २ फूट ६ इंच, मार्ग ५६ किलोमीटर. १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेली ही गाडी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा धावली नाही. १९८७ साली आम्ही त्या मार्गावरील एका खेड्यात शिक्षक होतो. गणिताच्या तासास एक मुलगा वहीत पीजे काढीत असे. इंजिन, डबे, पायऱ्यांवर लोंबकळणारी माणसे, दुधाच्या चरव्या, सर्व काही. एके दिवशी आम्ही ते पान टरकन फाडले, चार तुकडे करून त्याच्या हातात दिले, आणि त्यास तासभर उभे केले. त्या काळी यास शिस्त म्हणत. त्याने पुन्हा वर्गात चित्र काढले नाही. आम्हांस त्या वेळी त्याचे समाधानच वाटले होते.

तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे. आज सकाळी तो आपल्या चिरंजीवास घेऊन येथे आला, रिकाम्या हातांनी. आम्ही त्यास ओळखले आणि त्या पानाची आठवण काढली. तो हसून म्हणाला, "गुरुजी, जाऊ द्या, मला तर आठवतही नाही." परंतु त्यास आठवत होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. आम्ही टेबलावरचा कोरा कागद त्याच्यापुढे केला. बराच वेळ तो नुसता उभा राहिला. मग त्याने रूळ काढले, चाके काढली, इंजिन काढले, पहिला डबा आखला, आणि तेथे त्याचा हात थांबला. "गुरुजी, डब्याला एका बाजूस खिडक्या किती होत्या?"

आम्ही त्या गाडीने शेकडो वेळा प्रवास केला असेल. आम्हांस सांगता आले नाही. भोवती जमलेल्यांपैकी एकाने एक आकडा सांगितला, दुसऱ्याने दुसरा. शेंदुर्णीचे एक गृहस्थ तर तावातावाने बाकांचा हिशेब मांडू लागले. तो वाद अजून मिटलेला नाही. तो कागद सुतळीच्या अगदी शेवटच्या टोकास टांगला आहे. डबा आखलेला आहे, खिडक्या अद्याप काढावयाच्या आहेत. शेजारीच दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवली आहे, आणि तो गृहस्थ संध्याकाळपर्यंत येथेच थांबणार आहे.