हौशी निरीक्षकांचे आकाश

उपग्रह कोणत्याही सरकारचा असो, एकदा कक्षेत गेला की तो न्यूटनच्या नियमांच्या ताब्यात जातो, आणि ते नियम शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. सूर्यास्तानंतर तास-दीड तासाने आपल्याकडे काळोख असतो, पण चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असते. त्या उन्हात उपग्रह चमकतो. निरीक्षकाजवळ द्विनेत्री, स्टॉपवॉच आणि ताऱ्यांचा नकाशा असला की पुरे. दोन ओळखीच्या ताऱ्यांना जोडणारी रेषा तो ठिपका कुठे ओलांडतो, मध्यावर की एक-तृतीयांशावर, हे हेरायचे आणि त्याच क्षणी बटण दाबायचे. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणाऱ्या वस्तूच्या बाबतीत दशांश सेकंदाची चूक म्हणजे पाऊण किलोमीटरची चूक. तरीही निरनिराळ्या गावांतून, निरनिराळ्या रात्री घेतलेल्या नोंदी एकत्र केल्या की कक्षा पक्की होते. ब्रिटनमध्ये डेस्मंड किंग-हेली यांनी अशाच नोंदींच्या आधारे वरच्या वातावरणाची घनता आणि पृथ्वीचा आकार अभ्यासला. पण मला या छंदाचे मोल आणखी एका कारणासाठी वाटते. आपल्या डोक्यावरून काय जाते, हे कोणाच्याही परवानगीवाचून तपासण्याची सोय त्याने नागरिकाला दिली आहे.

इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलचे उदाहरण पाहा. तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी साध्या रेडिओ-संचावर सोव्हिएत उपग्रहांचे संदेश ऐकत आणि वेळा टिपून ठेवत. 1966 साली काही कॉसमॉस उपग्रहांचे गणित जमेना. कक्षेचे प्रतल अवकाशात जवळजवळ स्थिर राहते आणि पृथ्वी त्याखाली फिरते. म्हणून मार्ग उलटा मोजत गेले की उड्डाणाच्या जागेपाशी पोचता येते. इथे तो बायकोनूरच्या नेहमीच्या प्रक्षेपणकेंद्रापाशी पोचत नव्हता. वेगवेगळ्या उड्डाणांचे मार्ग रशियाच्या उत्तरेला एकमेकांना छेदत होते, आणि तिथेच प्लेसेत्स्कचे प्रक्षेपणकेंद्र होते. सोव्हिएत सरकारने त्याचे अस्तित्व उघडपणे मान्य केले ते थेट 1983 मध्ये. कोणी म्हणेल, अमेरिकी हेरखात्याला प्लेसेत्स्क आधीच माहीत होते, मग शाळेने नवे काय शोधले? ते माहीत होते, हे खरेच. पण ती माहिती कुलपात होती. केटरिंगच्या मुलांनी ती जगापुढे ठेवली, आणि कोणालाही पडताळता येईल अशा हिशेबासकट ठेवली.

यापेक्षा गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. अमेरिकेचे लष्कर हजारो उपग्रहांच्या कक्षा प्रसिद्ध करते, पण आपल्या गुप्त उपग्रहांच्या वगळते. त्या कक्षा हौशी मंडळी शोधून जाहीर करतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इराणच्या उड्डाणतळावरील अपघाताचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा सावल्यांवरून वेळ काढून आणि कक्षेशी ताडून पाहून निरीक्षकांनी ते यूएसए-224 या हेर-उपग्रहाचे असल्याचे दाखवून दिले. यातून शत्रूचे फावत नाही का? ज्यांच्यापासून लपवायचे त्या मोठ्या राष्ट्रांकडे स्वतःची रडारे आणि गणिती आहेत. 1998 मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांची तयारी करताना आपल्या लोकांनी परकी उपग्रहांच्या फेऱ्यांच्या वेळा सांभाळूनच काम केले होते. रडार नसलेल्या एखाद्या गटाला अशा यादीचा थोडा उपयोग होईल, हे मी नाकारत नाही. पण उघड्या आकाशात दिसणारी वस्तू गुप्त ठेवण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर टाकता येणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न: एवढी बलाढ्य रडारे असताना द्विनेत्रीवाल्यांची गरज काय? रडारला वस्तू दिसते, पण ती जिवंत आहे की नाही हे पाहायला कोणीतरी तिच्याकडे लक्ष द्यावे लागते. नासाच्या ‘इमेज’ या उपग्रहाशी 2005 च्या डिसेंबरमध्ये संपर्क तुटला आणि पुढे ती मोहीम संपल्याचे जाहीर झाले. त्याची कक्षा यादीत होती, पण त्याची हाक ऐकायला कोणी बसले नव्हते. 2018 च्या जानेवारीत कॅनडातले हौशी निरीक्षक स्कॉट टिली दुसराच एक गुप्त उपग्रह शोधत होते, तेव्हा त्यांच्या ॲन्टेनावर ‘इमेज’चे संदेश आले. त्यांनी ते कळवले आणि नासाने थोड्याच दिवसांत खातरजमा केली: उपग्रह खरोखरच बोलत होता.